लस टोचूनही खुरी का येते?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याआधीच्या लसीकरणाच्या फेऱ्या गावोगाव सुरू आहेत आणि दरवर्षीच्या दोन तक्रारी पुन्हा ऐकू येत आहेत. ‘लस टोचली तरी खुरी (म्हणजे लाळ्या-खुरकूत) आलीच’ ही पहिली. ‘मागच्या वेळी टोचल्यावर म्हैस दुधाला कमी झाली, यंदा नको’ ही दुसरी. दोन्हींत थोडे खरे आहे, म्हणून नुसते ‘लस घ्या’ म्हणून भागत नाही. आपल्या विदर्भात गावाची ढोरे सकाळी एका आखरावर जमतात, एका ढोरक्याच्या मागे एका रानात जातात आणि एका हौदावर पाणी पितात. एका घरच्या चार जनावरांना लस दिली आणि शेजारच्या आठांना दिली नाही, तर त्या चारांचे रक्षण अर्धेच होते. शंभर जनावरांपैकी किमान ऐंशींच्या अंगात प्रतिकारशक्ती असेल तेव्हाच लाळ्या-खुरकुताची साथ गावात पसरायला वाव मिळत नाही. पन्नास-साठ टक्क्यांवर थांबलेल्या गावात खर्च होतो, श्रम होतात आणि साथही येते. मग लोक लसीला दोष देतात.

या रोगाच्या विषाणूचे ओ, ए आणि एशिया-१ हे प्रकार आपल्या देशात आढळतात आणि सरकारी लस या तिन्हींविरुद्ध आहे. गाई-म्हशीला बहुधा २ मिलि मात्रा मानेच्या स्नायूत खोल देतात, शेळी-मेंढीला १ मिलि. वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात. त्याआधी दिली तर आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्येच लसीला निष्प्रभ करतात. पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक. साखळी तुटते ती नेमकी दुसऱ्या मात्रेपाशी. फेरी येते, वासराला टोचले जाते, कानात बिल्ला लागतो आणि पुढची भेट एकदम सहा महिन्यांनी होते. पहिल्या मात्रेने आलेली शक्ती तोवर कधीच उतरलेली असते. कळपातली दोन वर्षांखालची कालवडी-गोऱ्हे खुरीत सर्वांत आधी सापडतात, ती यामुळे.

बुळकांडी आठवणारी माणसे अजून खेड्यांत आहेत. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग त्या रोगापासून मुक्त जाहीर झाले. पण बुळकांडीची लस एकदा टोचली की जन्मभर पुरायची, आणि त्या विषाणूचा प्रकारही लसीपुरता एकच होता. लाळ्या-खुरकुताचे तसे नाही. इथे सहा महिन्यांची शिस्त वर्षानुवर्षे पाळावी लागते. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला, त्याने लस मोफत दारात आणून दिली. एक फेरी चुकवली की मागच्या फेरीचे काम मातीत जाते, हे मात्र गावापर्यंत पुरेसे पोचलेले नाही.

आता बर्फाकडे येतो, कारण मे महिन्यातल्या विदर्भात सर्वांत जास्त लस तिथेच वाया जाते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची असते. तापली की तिची ताकद जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोठली तरी जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लाळ्या-खुरकुताची लस तेलात मिसळलेली असते. ती गोठली की तेल-पाणी वेगळे होते, आणि मग बाटली कितीही हलवली तरी उपयोग नाही. फ्रीजरमधून काढलेले टणक बर्फाचे पॅक लगेच लसीच्या डब्यात घालून वर बाटल्या रचल्या की नेमके हेच होते. पॅक बाहेर काढून ठेवावा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मग डब्यात घालावा. बाटलीला तो थेट चिकटू देऊ नये, मध्ये पुठ्ठा ठेवावा. डबा मोटारसायकलच्या टाकीवर किंवा उन्हात ठेवू नये. दर दोन जनावरांमागे झाकण उघडत राहू नये. बाटली वापरण्याआधी हळू हलवून एकजीव करावी आणि उघडलेली त्याच दिवशी संपवावी. सकाळी सहा ते दहा हीच टोचण्याची खरी वेळ. अकरानंतर जनावरही तापलेले असते आणि डबाही.

लम्पीसाठी (अंगावर गाठी आणणाऱ्या चर्मरोगासाठी) वापरली जाणारी शेळ्यांच्या देवीची लस आणि पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या बुळकांडीसारख्या रोगाची लस या जिवंत विषाणूंच्या, कोरड्या भुकटीच्या रूपात येतात. सोबतचे द्रावणही आधी थंड केलेले हवे. एकदा मिसळली की पीपीआरची लस दोन तासांच्या आत, सावलीत राहूनच टोचून संपवावी. म्हणून गावात किती जनावरे खरोखर बांधून तयार आहेत ते पाहिल्याशिवाय बाटली फोडू नये. या लशी टोचताना कातडीला स्पिरिट चोळू नये, त्याने लसच मरते. कातडी स्वच्छ आणि कोरडी असली की पुरे.

सुईचा मुद्दा कडू आहे, तरी लिहितो. एकच सुई पन्नास जनावरांत फिरली तर रोग पसरवण्याचे काम आपणच करतो. गावात साथ असेल, विशेषतः लम्पीची, तेव्हा दर जनावराला नवी सुई हाच नियम हवा. लसीच्या मात्रा मोजून देता तशा सुयाही मोजून द्या, ही पशुसंवर्धन विभागाला विनंती. मालकांनीही टोचणाऱ्याला ‘सुई बदलली का’ असे विचारावे, त्यात कुणाचा अपमान नाही.

टोचताना जनावर उधळले की निम्मी मात्रा केसांवर सांडते, नोंद मात्र पूर्ण मात्रेची होते. याला उपाय लाकडी खोडा. दोन मजबूत खांबांच्या जोड्या, मध्ये एका जनावरापुरती जागा, पुढे मान अडवायला आडवी बल्ली, मागे सरकवायची दुसरी. गावच्या सुताराला हे दोन दिवसांचे काम आहे. आखराजवळ सावलीत असा एक खोडा ग्रामपंचायतीने कायमचा उभा करावा. ज्या गावात खोडा आहे तिथे सकाळच्या चार तासांत जेवढी जनावरे होतात, तेवढ्यांना घरोघरी फिरून दिवस पुरत नाही. रानात मोकळी चरणारी, माणसाची सवय नसलेली ढोरे तर खोड्याशिवाय टोचलीच जात नाहीत, आणि कळपात रोग टिकवून ठेवतात ती हीच.

दुधाच्या तक्रारीचे उत्तर असे. टोचल्यावर एक-दोन दिवस अंग थोडे गरम होणे, दूध थोडे कमी येणे आणि मानेवर लहानशी गाठ उठणे शक्य आहे. दूध बहुधा दोन-तीन दिवसांत पूर्ववत होते. अगदी दिवस भरत आलेल्या जनावराला ओढाताण सोसत नाही, त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. मागे ठेवलेल्या अशा जनावरांची यादी मात्र कागदावर हवी, नाहीतर ती कायमचीच सुटतात. आजारी, ताप असलेल्या किंवा जंतांनी खंगलेल्या जनावरात लस नीट धरत नाही, म्हणून फेरीच्या दहा-पंधरा दिवस आधी जंतनाशक द्यावे. आणि ज्या जनावराच्या अंगात विषाणू आधीच शिरला आहे त्याला आज टोचले, तर चार दिवसांनी फोड येणारच. रोग शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात. ‘लसीनेच खुरी आली’ हा समज बहुतेक ठिकाणी यातूनच पसरतो.

नुकसान मोजताना आपण फक्त मेलेली जनावरे मोजतो. खुरीने मोठी जनावरे फारशी मरत नाहीत, म्हणून तिला हलके धरले जाते. पण आजारी गाईचे दूध पिणारे वासरू हृदयावर घाव बसून एकाएकी मरते. आणि बरा झालेला बैल पुष्कळदा उन्हात धापा टाकू लागतो, अंगावर लांब केस वाढतात, दुपारी औताला चालत नाही. पंचेचाळीस अंशांच्या आपल्या मुलखात असा बैल म्हणजे जागेवर बसून खाणारा बैल. बाजारात त्याची किंमत निम्मीसुद्धा येत नाही. कपाशीची डवरणी त्याच्यावर करायची तर सकाळचे दोन तासच हाताशी उरतात.

शेळ्यांविषयी वेगळे सांगायला हवे. शेळीत खुरीची लक्षणे फार सौम्य असतात. थोडे लंगडणे, तोंडात एखादा फोड, दोन दिवसांत बरे. कुणाच्या लक्षात येत नाही आणि विषाणू मात्र कळपातून गोठ्यात पोचतो. भूमिहीन कुटुंबांच्या शेळ्या फेरीत हटकून राहून जातात, कारण त्या पहाटेच रानात गेलेल्या असतात. फेरीची वेळ त्यांच्या वेळेप्रमाणे ठरवली पाहिजे.

लसीइतकेच महत्त्वाचे म्हणजे रोगाला गावात येऊ न देणे. आपल्याकडे रोग येतो तो मुख्यतः बैलबाजारातून. गुढीपाडव्यापासून पेरणीपर्यंत बैलांची खरेदी जोरात असते आणि विकत आणलेली जोडी दुसऱ्याच दिवशी हौदावर जाते. नवे जनावर किमान २१ दिवस वेगळे बांधावे, आणि लम्पी असलेल्या भागातून आणले असेल तर २८ दिवस. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. म्हणजे औताला लागणारी जोडी १७ मेपूर्वी दारात हवी, लम्पीची शंका असेल तर १० मेपूर्वी. घाईची खरेदी जूनमध्ये केली की वेगळे बांधणे कुणालाच परवडत नाही, हे मान्य आहे. म्हणूनच तारीख आधी धरायची. वेगळे म्हणजे त्याच कोठ्याच्या दुसऱ्या खुंट्याला नव्हे. शेतातल्या मांडवाखाली बांधावे, बादली व टोपले वेगळे ठेवावे, आणि घरच्या जनावरांचे चारापाणी उरकल्यावरच त्याच्याकडे जावे. राज्यात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे. बिल्ल्यावरचे १२ अंक दवाखान्यात दाखवले तर लस कधी दिली याची नोंद पाहता येते. पैसे मोजण्याआधी एवढी चौकशी करावी. बिल्ला शक्यतो कोरड्या ऋतूत लावावा, चिमटा दर वेळी जंतुनाशकात बुडवावा. पावसाळ्यात कान पिकून अळ्या पडतात आणि मग लोक बिल्लाच कापून टाकतात.

साथ गावात शिरलीच तर पहिले दोन दिवस निर्णायक. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लाळेतून आणि दुधातून विषाणू बाहेर पडत असतो. म्हणून एक जनावर लाळ गाळताना दिसले की त्याच दिवशी आखर बंद करावा, सगळी ढोरे आपापल्या दारी बांधावीत, हौद रिकामा करून घासावा आणि पाणी बादलीने पाजावे. हे सर्वांत आधी कळते ते ढोरक्याला. कोण मागे राहते, कोण पाय झटकते, कोण जबडा चोळते ते तोच पाहतो. त्याला चार लक्षणे शिकवून ठेवा आणि खबर दिल्याबद्दल त्याचे वेतन कापले जाणार नाही याची हमी द्या. आखर बंद पडला की त्याची चूल बंद पडते, आणि म्हणून तो गप्प राहू शकतो. साथीच्या काळात त्याला ग्रामनिधीतून मजुरी द्यावी असे माझे ठाम मत आहे.

या विषाणूला आम्लही सोसत नाही आणि तीव्र क्षारही. स्वस्त उपाय म्हणजे धुण्याचा सोडा, १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. पाणी कोमट असले तर उत्तम. खाण्याचा सोडा वेगळा, तो इथे कामाचा नाही. दुकानात दोन्ही ‘सोडा’च म्हणून मिळतात, तेव्हा पाहून घ्यावे. आधी शेण, मूत, उष्टे कुटार काढून जागा खरवडावी, मगच हे पाणी शिंपडावे. शेणावर ओतलेले जंतुनाशक शेणातच संपते. कोठ्याच्या दारात याच पाण्यात भिजवलेले पोते टाकावे आणि सकाळ-संध्याकाळ पुन्हा भिजवावे. सोड्यात लिंबूसत्व किंवा ब्लिचिंग पावडर काहीही मिसळू नये. लिंबूसत्वाने सोड्याचा जोर मरतो, आणि ब्लिचिंगमध्ये आम्ल पडले तर विषारी वायू निघतो. फवारणीसाठी कपाशीचा पंप वापरू नका. त्यातले उरलेले कीटकनाशक किंवा तणनाशक जनावराच्या अंगावर आणि गव्हाणीत जाते. कोठ्यासाठी पंप वेगळाच ठेवावा.

आजारी जनावराचे तोंड पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावे. रंग फिकट गुलाबी-जांभळा हवा, गडद झाला तर जखम भाजते. तुरीचे कुटार टोचते, म्हणून कोवळा चारा आणि ज्वारीची पातळ आंबील द्यावी. खुरांच्या जखमेवर माशी बसू देऊ नये. वासराला आईखाली सोडू नये आणि घरासाठीचे दूध उकळूनच घ्यावे. माणसाने आधी निरोगी जनावरे पाहावीत, आजारी शेवटी, आणि मग हातपाय-चपला धुवाव्यात. चौकशीला येणारे पाहुणे आणि दूध गोळा करणारा यांनी कोठ्याबाहेरच थांबावे.

लम्पीची गोष्ट वेगळी आहे. तो विषाणू मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड यांच्यामार्फत फिरतो, म्हणून नुसते वेगळे बांधून पुरत नाही. राज्यात तो २०२० साली गडचिरोलीत दिसला आणि २०२२ साली सगळीकडे पसरला. चावणारी माशी ओल्या शेणात आणि कुजलेल्या चाऱ्यात वाढते. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शेणाचा ढीग कोठ्यालगत न ठेवता आठवड्याला हलवावा किंवा प्लास्टिकने घट्ट झाकावा, आणि गव्हाणीखालचे उष्टे रोज काढावे. अंगावरची खपली गळून पडते तिच्यातही विषाणू महिनाभर टिकतो, ती झाडून जाळावी. गोचीडनाशक फक्त जनावरांसाठीचे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. पोळ्याला सगळी जनावरे एका तोरणाखाली खेटून उभी राहतात. लस धरायला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा पोळ्यापासून मागे मोजून लस पूर्ण झाली पाहिजे.

घटसर्प आणि एकटांग्या म्हणजे फऱ्या यांची लस मेअखेर उरकावी, पहिल्या पावसानंतर उशीर झालेला असतो. दोन लशींत १५ ते २१ दिवसांचे अंतर ठेवावे. काळपुळीबाबत एकच सांगणे. जनावर एकाएकी मेले आणि नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळे रक्त आले, तर ते फाडू नये, कातडे काढू नये. त्याचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे जगतात आणि माणसालाही लागतात. किमान सहा फूट खोल खड्डा, चुना, वर घट्ट माती आणि कुत्री उकरणार नाहीत असे काटे. जागा नाल्यापासून आणि विहिरीपासून दूर, आणि भेगाळणाऱ्या काळ्या रानात शक्यतो नको.

रोग लपवण्याची वृत्ती समजण्यासारखी आहे. दूध घेणे बंद होईल, बाजार बंद होईल, लोक बोट दाखवतील. पण २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संसर्गजन्य रोगाची शंका आली की ग्रामपंचायतीला किंवा गाव अधिकाऱ्याला कळवणे आणि जनावर वेगळे करणे ही मालकाची जबाबदारी आहे. २०२२ च्या लम्पीत राज्याने दुधाळ गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार आणि वासरामागे १६ हजार रुपये मदत दिली, तीही पंचनामा झालेल्यांनाच. लपवणाऱ्याच्या हाती काही पडले नाही. १९६२ हा क्रमांक निःशुल्क आहे. फोन करताना गाव, किती जनावरे, कधीपासून आणि नवे जनावर कधी आणले, एवढे सांगितले तर डॉक्टर तयारीने येतात.

शासनाकडे मागणे मोजकेच आहे. लस एप्रिलच्या अखेरीपर्यंत तालुक्याला पोचावी. दवाखान्याच्या फ्रीजला वीज गेल्यावरही चालेल अशी बॅटरी किंवा सौरसंच द्यावा. वासरांच्या दुसऱ्या मात्रेसाठी स्वतंत्र फेरी लावावी. ग्रामसेवकांना विनंती अशी: ज्या दिवशी पहिली मात्रा टोचली जाईल त्याच दिवशी पंचायतीच्या फळ्यावर महिन्यानंतरची तारीख खडूने लिहा, आणि तिच्याखाली सुटलेल्या जनावरांच्या मालकांची घरे.

आपला,
एक पशुवैद्यक,
यवतमाळ जिल्हा